भुकेलं कार्ड आणि कहतानची शपथ

कहतानने माझ्या यमानच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा यमान त्याच्याकडे बघून खुदकन हसला होता. बाकी सगळं मी एक वेळ विसरेन, ते हसू नाही.

माझं मागणं साधं होतं. माझा नवरा मिकदाद बसऱ्याच्या तेलविहिरींवर असतो. सुट्टीच्या दिवशी तो तिकडून आणि मी इकडून, असे आम्ही कॉम्प्युटरवर एकत्र गेम खेळतो. आमचं फिरणं म्हणा, सिनेमा म्हणा, ते एवढंच. त्यासाठी मला असा कॉम्प्युटर हवा होता की यमान शाळेत जाईपर्यंत पुन्हा त्यात हात घालायला नको. म्हणून मी बगदादच्या सिनाआ रस्त्यावर, कॉम्प्युटरच्या बाजारात, गेले. समोरच्याच विद्यापीठात मी इंजिनिअरिंग शिकले, तेव्हापासून कहतानचं दुकान ओळखीचं.

"अबू लैथ," आमच्या रीतीप्रमाणे कहतानला त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारत मी म्हटलं होतं, "ग्राफिक्स कार्ड असं द्या की मेमरी भरपूर आणि खाणं कमी. सरकारी वीज गेली की आमचं घर गल्लीतल्या जनरेटरच्या चार अँपिअरवर चालतं. त्यातच फ्रिज, त्यातच या पोराचं वाफेचं मशीन. दमा आहे त्याला."

"तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर, उम्म यमान!" त्याने लगेच डबा काढला. "हे चिमणीएवढं खातं. नवंकोरं. या राजाच्या डोक्याची शपथ!"

आणि यमान हसला.

पुढे एका दुपारी मिकदादला सुट्टी होती. यमान माझ्या मांडीवर, तोंडावर वाफेचा मास्क, आणि पडद्यावर आम्ही दोघं. सरकारी वीज गेली, कॉम्प्युटर बॅटरीवर तगला, जनरेटरची आली, आणि पाठोपाठ कार्डाचे पंखे असे घोंगावले की घरातलं सगळं एकदम गप झालं. पंखा, फ्रिज, मास्क. आमचा खटका घरात नाही, जनरेटरवाल्याच्या फळ्यावर आहे, दोन गल्ल्या सोडून. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली. पोराच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि मी त्याला घेऊन अनवाणी धावत होते, "खटका वर करा, खटका वर करा" असं ओरडत.

खटका वर झाला, वाफेने पोराचा श्वास मोकळा झाला, आणि मग घरी मी कार्ड खोललं. डब्यावर नाव नवं, वरचे पंखे नवे; आत चिप जुनी, दुप्पट वीज पिणारी. बिटकॉइनसारखी आभासी नाणी काढायच्या गोदामांत वर्षानुवर्षं भाजून निघालेला माल. आतल्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून त्याला खोटं नाव शिकवलेलं.

कहतानला फोन केला तर तो हसला. "सील तोडलंत ना? मग वॉरंटी संपली, ताई. स्क्रू खोलणं हे बाईमाणसाचं काम नाही. तुम्ही आपलं पाळणा हलवा."

मी पाळणाच हलवला. आणि विचार केला.

मग गुरुवारी गेले, दुकानं भरतात तेव्हा. आधी समोरच्या सरबतवाल्याकडे यमानला कडेवर घेऊन बसले, दार बघत. एक म्हातारे हाजी आपल्या कॉलेजातल्या मुलाला घेऊन आत शिरले, त्यांच्यामागून विद्यार्थ्यांचं टोळकं. तेव्हा उठले.

मी खोललेलं कार्ड काचेवर ठेवलं, चिप वर करून.

कहतानने एक नजर टाकली आणि पाण्यासारखा मऊ झाला. "अरे, उम्म यमान! आत या, आत या." मागच्या खोलीत आवाज खाली आणला. "गिऱ्हाईक आहे बाहेर. चूक झाली म्हणा. हवं ते कार्ड उचला. वर एक पैसा नको. फक्त आवाज नको."

मी होकाराची मान हलवली नाही. त्याला ती हललेली दिसली असेल, तर तो त्याचा प्रश्न.

मी घाई केली नाही. एका डब्याचं सील काढून पुन्हा चिकटवलेलं, तो बाजूला. दुसऱ्याच्या स्क्रूवर ओरखडे, तोही बाजूला. तिसरं मला आवडलं: दोनच पंखे, वीज कमी, मेमरी दुप्पट, एजन्सीची पक्की वॉरंटी. दुकानातल्या कॉम्प्युटरला त्याच्याकडूनच जोडून घेतलं, पूर्ण ताण देऊन चालवून घेतलं, मीटरवर वीज मोजून घेतली. खरंच चिमणीएवढं खात होतं. पावतीवर शिक्का घेऊन पिशवीत टाकलं.

"मिटलं ना?" कहतानने घाम पुसला.

"कार्डाचं मिटलं," मी म्हटलं आणि बाहेर गर्दीत आले.

हाजींच्या मुलाच्या हातात माझ्यासारखाच डबा होता. तेच खोटं नाव.

"अबू लैथ," मी मोठ्याने विचारलं, "हा डबा कोरा आहे का?"

"देवाशपथ कोरा!" त्याच्या तोंडून सवयीनेच गेलं.

"देव दयाळू आहे, माफ करतो. अब्बासची शपथ घ्या."

विद्यार्थ्यांनी माना वळवल्या. आमच्याकडे माणूस देवाची खोटी शपथ न्याहारीबरोबर खातो, पण दर्ग्यातल्या शहीद अब्बासची नाही. तो तापट. खोट्याचा हात जागच्या जागी वाळवतो म्हणतात.

"ताई, एवढ्याशा गोष्टीला..."

"एवढीशीच तर आहे. घ्या आणि मोकळे व्हा."

हाजींनी मुलाच्या हातातला डबा काढून घेतला. "घे की शपथ, बाबा. माझाही पैसा जाणार आहे त्यात," ते कहतानला म्हणाले.

कहतानचे ओठ हलले. हात वर आला, अर्ध्यावर थांबला, आणि त्याने तो खिशात घातला.

"चल," हाजी मुलाला म्हणाले. टोळक्यातला एकजण म्हणाला, "माझंही परत घे, कालच नेलंय!" दुसरा दारात उभा राहून फोनवर कुणाला तरी दुकानाचं नाव सांगत होता, नीट, सावकाश.

"मी कार्ड दिलं ना तुम्हाला!" कहतान माझ्यावर ओरडला. "घर बुडवलंत माझं! मलाही पोरं आहेत!"

"असतील," मी म्हटलं.

टॅक्सीत बसून मिकदादला फोन केला. सगळं सांगितलं. "कार्ड मिळालं होतं ना? मग? माणसाची रोजी गेली."

"तू धावला नव्हतास," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

वळणावर मागे पाहिलं. लोक दुकानाशी थबकत होते, आतल्या कुणाशी हुज्जत घालत होते, पुढे जात होते. यमान घामाघूम झाला होता. घरी जायला हवं होतं. त्याची छाती कानाशी धरून ऐकली. श्वास मोकळा होता.

"काका," मी ड्रायव्हरला म्हटलं, "याच रस्त्याने अजून एक चक्कर मारा. सावकाश."