कालचा सांबार

मित्रांनो, मी एक जुना ठेला आहे. जुना म्हटलेलं मला चालतं. भंगार म्हटलेलं खपत नव्हतं, पण आता तेही मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागतं.

केळझरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. चाकं जुन्या सायकलरिक्षाची, पत्रा मात्र कोरा. शोभाबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि वर्धेजवळच्या सिंदी मेघेच्या चौकात उभं केलं. तेव्हापासून आम्ही दोघं तर्री-पोहे विकत होतो. गरम पोहे, त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री, कांदा आणि वरून सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

दिवस मोठे झोकात गेले. कॉलेजची पोरं, बँकेतले साहेब, एसटीचे कंडक्टर माझ्या कडेला कोपरं टेकून खायचे. मोबाइल दुरुस्त करणारा सचिन तर आमच्या घरचाच झाला होता. तो म्हणायचा, "काकू, अशी तर्री अख्ख्या जिल्ह्यात भेटत नाई." मी तर फुगून जायचो.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याकडचा एक व्हिडिओवाला आला. पोहे चाटूनपुसून खाल्ले आणि कॅमेरा धरून विचारलं, "मावशी, सगळं ताजं असतं ना?"

शोभाबाईंना खोटं बोलता येत नाही, ही एक पंचाईतच आहे. त्या म्हणाल्या, "बाकी सारं आजचं हाये जी. सांबार तेवढा कालचा हाये, पण ओल्या फडक्यानं झाकून ठेवला होता. चांगला हाये."

त्याला वाटलं, तर्रीलाच ही बाई सांबार म्हणते. झालं! 'कालचं शिळं सांबार आज तुमच्या पोटात' असं नाव देऊन त्यानं व्हिडिओ टाकला.

मला वाचता येत नाही. शोभाबाईंची लेक जया नर्सिंग शिकते, ती माझ्याजवळ स्टुलावर बसून कॉमेंट वाचून दाखवायची. 'हिला आत टाका.' 'विष घालते ही बाई.' पहिल्या दहाबारा जणांनी जे लिहिलं, तेच पुढचे हजार जण लिहीत गेले. जयानं खुलासा केला की सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यावर उत्तर आलं, 'पकडल्यावर बरी कोथिंबीर झाली!' आणि त्या उत्तराला हसणाऱ्यांची रांग लागली.

मुंबई-पुण्याच्या लोकांचं मी समजू शकतो. त्यांचा सांबार वेगळा. पण मग आमच्या वर्धेची नावं निघू लागली. आयुष्यभर सांबार निवडलेल्या घरांतली माणसं 'शिळं, शिळं' करू लागली. एका संध्याकाळी जया वाचता वाचता थांबली. सचिनची कॉमेंट होती: 'मीपण खाल्लं होतं इथं. तेव्हाच शंका आली होती.'

शोभाबाई कांदा चिरत राहिल्या. मला मात्र फार लागलं, खोटं कशाला सांगू.

गिऱ्हाईक आटलं. तर्री रोज उरायची आणि कमी केली तरी उरायची. हिरालाल भंगारवाला येऊन माझी चाकं दाबून गेला. शोभाबाई त्याला म्हणाल्या, "थोडं थांब. लोकाईले खरं समजलं तर ठेला चालंल. नाईतर मी मेसवर पोळ्या लाटाले जातो."

मग एक दिवस सचिन आला. इकडेतिकडे बघून उभा राहिला.

शोभाबाईंनी विचारलं, "बापू, तुले मालूम होतं ना सांबार म्हणजे काय?"

"होतं, काकू."

"मंग तसं काऊन लिवलं?"

"सारेच लिवून राह्यले होते. मीबी लिवलं." त्यानं फोन काढला, दोनदा बोट लावलं. "हे पाहा, काढून टाकली."

"काढली, बरं केलं. आता खरं काय ते लिव ना. तू इथला हायेस, तुह्यं ऐकतील."

सचिननं फोनकडे पाहिलं. अंगठा वर गेला, थांबला. "मंग सारे माह्यावर येतील ना, काकू," असं म्हणून त्यानं फोन खिशात ठेवला.

शोभाबाईंनी त्याला प्लेट भरून दिली. वरून हिरवं टाकताना त्यांचा हात अडला आणि त्यांनी विचारलं, "कोथिंबीर टाकू का?"

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. स्वतःच्या चौकात, स्वतःच्या माणसासमोर, त्या बाईला आपला शब्द वापरायची भीती वाटली.

पुढच्याच आठवड्यात हिरालाल मला घेऊन गेला. शोभाबाई आता मेसवर पोळ्या लाटतात.

मित्रांनो, ठेल्यांना तेलपाणी करा, हे मी सांगायला नको. पण हजार जण एकच लिहीत असतील आणि तुम्हाला खरं माहीत असेल, तर ते लिहा. एकटे पडाल, शिव्याही खाल. तरी लिहा. माझ्या शोभाबाईंना हजार माणसं नको होती. ज्याला माहीत होतं, असा एक पुरला असता.