पांढरं पाचाचं नाणं

प्रताप नगरातले प्रेमानंद मेश्राम नाण्यांचे जाणकार, पण डोक्याने तापट. नाण्याला बोट म्हणून लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, हा त्यांचा नेम.

भाजीवाल्या रंभाबाईंनी दारात येऊन पाचाचं पांढरं नाणं पुढे केलं आणि प्रेमानंदांचं डोकं सणकलं. पाचाचं हे नाणं पिवळं असतं! त्यांनी चिमट्याने ते काट्यावर ठेवलं. सहा ग्रॅम हवं, भरलं पावणेचार.

"रंग खोटा, वजनबी खोटं. फेकून दे."

"काहून फेकू गा भाऊ?" रंभाबाईंनी नाणं काट्यावरून उचलून तळहातावर तोललं. "हाताले हे रुपयावानी लागते."

त्यांना खोटं पाडायला प्रेमानंदांनी काट्यावर रुपया ठेवला. पावणेचार! मग चुंबक आणलं. पिवळं पाचाचं नाणं त्याला कधीच चिकटत नाही, हे रुपयासारखं चटकन चिकटलं. टांकसाळीत रुपयाची कोरी चकती चुकून पाचाच्या ठशाखाली गेली होती.

"चाळीस वर्षं नाणी पाहून राहिलो, रंभाबाई. असं नाही पाह्यलं."

"पाहूनच तं राहिला," नाणं कनवटीला खोचत रंभाबाई म्हणाल्या. "हातात कधी घेतलं गा?"