वाघबारशीचा भात

पुंजाबाबांचं वासरू बिबट्यानं दारातून नेलं, त्या सकाळी गाव बिबट्याच्या नाही, माझ्या मागे लागलं.

हरसूलच्या पुढे डोंगरात आमचा पाडा आहे. सगळ्या पाड्याची गुरं वळायचं काम आमच्या घराकडे. आधी बा वळायचा, त्याचे गुडघे गेल्यापासून मी वळते. त्याबद्दल वर्षाकाठी घराघरातून भात आणि नागली मिळते, त्यावर आमची चूल पेटते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी डोंगरावर वाघदेवापाशी जमतात, घरोघरचा तांदूळ शिजवतात. एकजण वाघ होतो, बाकीचे त्याला हाकलतात, म्हणजे वर्षभर गुरं सुखरूप राहतात. तिथं बाई जात नाही. गेली दोन वर्षं बा काठी टेकत जाऊन आला. यंदा त्याला उठवेना. मग गुराखी कोण? मी. म्हणून मी गेले. पुरुषांनी तोंडं फिरवली, पण जा असं कोणी म्हणालं नाही. भात मात्र कोणी मला वाढला नाही. मी माझ्या हातानं वाढून घेतला आणि पोटभर जेवले.

आठवड्याच्या आत हे वासरू गेलं.

दुपारी पुंजाबाबांच्या अंगणात सगळे बसले. पुंजाबाबा आमचे भगत. देवाचं म्हणणं गावाला तेच सांगतात. लहानपणी मला ताप चढला की माझ्या उशाशी बसणारा हा माणूस, त्यामुळे त्यांच्यासमोर मी नेहमी खालीच बसते. आवाज न चढवता ते म्हणाले, "सायली, देव कोपला हाय. कोंबडा दे, गावापुढं माफी माग. आन् काठी शेजारच्या नाथाच्या घरात दे, त्याचा पोरगा गुरं वळंल."

काठी द्यायची म्हणजे गुरं द्यायची, आणि गुरं दिली की चूल विझली. बा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात माझा भाऊ सोमनाथ हसला. तो नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका गोदामात माल चढवतो. बातमी कळली तशी पहिल्या गाडीनं आला होता.

"बाबा, ते जनावर हाय," तो म्हणाला. "भूक लागली, नेलं. फॉरेस्टवाल्यांना सांगा, भरपाई देतील. कसला देव आन् कसला कोप! आन् तुमची काठी ठेवा तुमच्यापाशीच. सायलीला मी नाशकात पॅकिंगचं काम बघितलंय."

तो माझ्या बाजूनं बोलत होता, तरी माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, तू गप बस."

"तुझ्यासाठीच बोलतोय ना मी?"

"मला इचारलंस? तू वाघदेव मानत नाय, नको मानू. मी मानते. त्याचा भात खाल्लाय मी. बाबांना हसायचं असंल तर अंगणाच्या बाहेर जाऊन हस."

सोमनाथचं तोंड एवढंसं झालं. मग मी पुंजाबाबांकडे वळले. हात जोडले, पण मान खाली घातली नाही.

"बाबा, मी रोज गुरं घेऊन देवाच्या पुढ्यातून जाते. त्यानं माझ्या कळपातलं एक वासरूबी उचललं नाय. राग माझ्यावर असता तर मी रोज त्याच्या वाटंवरच हाय. तो तुमच्या दाराशी कशाला येईल?"

"म्हंजी माझ्यावर कोपला म्हनतेस?"

"नाय. तो कुनावर कोपला ते मला कळत नाय. तुमाला कळतं, तुमी सांगा, मी ऐकते. पन माझ्या मनाला जे पटत नाय त्याची माफी मी मागनार नाय. काठीबी देनार नाय."

"तुझा बा कधी माझ्याशी असं बोलला नाय, पोरी."

"बाला कधी कोनी काठी ठेव म्हनलं नाय, बाबा."

मी उठले. "उद्या मी देवाच्याच वाटंनं जानार. ज्याला भरवसा नसंल त्यानं आपलं जनावर सोडू नये."

सकाळी पाड्याच्या तोंडाशी उंबराखाली उभी राहून मी रोजच्यासारखी हाळी दिली. एरवी एका हाळीत गुरं गोळा होतात. त्या दिवशी आमचे दोन बैल तेवढे आले. मी पुन्हा हाळी दिली. दारांत माणसं उभी होती, गुरं गोठ्यात. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. सोमनाथ मागून येऊन उभा राहिला.

"मी येऊ संगं?"

"ये. पन देवापाशी चपला काढाव्या लागतील."

"काढीन की. मानत नाय तरी काढीन."

"मग चल."

आम्ही निघणार तोच पुंजाबाबा येताना दिसले. हातात गाईचं दावं. वासराविना गाय सारखी हंबरत होती. ते माझ्यासमोर थांबले.

"तू वाघबारशीला जायला नको होतंस, असंच मला वाटतंय. मरंपर्यंत वाटंल."

"वाटू द्या, बाबा."

"कोंबडा मी देनार. तुझ्या नावानं."

"तुमच्या नावानं द्या. मी देवाचं काय वाकडं केलं नाय."

त्यांनी गाईच्या गळ्यातलं दावं काढून खांद्यावर टाकलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "हिला सांभाळून ने. कालधरनं खाल्लं नाय तिनं."

मी मान हलवली. पाड्यात एकेक गोठा उघडू लागला, गळ्यातल्या घंटा वाजू लागल्या. कोणाची गुरं आली आणि कोणाची नाही, हे मी मागे वळून पाहिलं नाही. काठी उचलली आणि वाघदेवाच्या वाटेला लागले.