आल्यावरचं वजन

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. बत्तीस वर्षं झाली. भाजीवाल्याच्या तागडीपासून गोदामातल्या चार माणसं उभी राहतील अशा काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जातं. वीस किलोची लोखंडी प्रमाण वजनं उचलून उचलून त्यांची कंबर गेली. कंबर गेली असं आपण सहज म्हणतो, पण ती नेमकी कुठे आणि कशी गेली हे शोधण्यात आमचं अख्खं वर्ष गेलं.

एमआरआयच्या फोटोत दिसत होतं ते असं: खालच्या दोन मणक्यांमधली चकती झिजून बाहेर फुगली होती. व्यायाम झाले, शेक झाले, पट्टा झाला. सहा महिने व्यायामात एक दिवस चुकवला नाही, हे मी शाळामास्तरीण म्हणून हजेरीवर लिहून द्यायला तयार आहे. तरी दुखणं हटेना. मग शस्त्रक्रियेचा विषय निघाला, आणि ह्यांना एकदम हुरूप आला. दुखण्याने वैतागलेला माणूस दवाखान्यात तोंड पाडून बसतो. हे मात्र यंत्र उघडून दाखवणार म्हटल्यावर पोरं पुढे सरसावतात तसे खुर्ची पुढे ओढून बसले.

पहिल्या सर्जनांनी प्लॅस्टिकचा मणका हातात दिला. दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी कायमचे जोडून टाकायचे, म्हणजे तिथली हालचाल बंद आणि बहुधा दुखणंही बंद, असं त्यांनी सांगितलं. ह्यांनी तो मणका उलटासुलटा करून विचारलं की तिथली हालचाल बंद झाली की तिथला ताण जाणार कुठे. सर्जन हसले आणि म्हणाले, शेजारच्या चकतीवर, काही वर्षांनी तीही कुरकुरू शकते. हे उत्तर ह्यांना इतकं आवडलं की परत येताना वाटेभर त्याच सर्जनांचं कौतुक चालू होतं. खोटं न बोलणारा माणूस, म्हणे. मी मनात म्हटलं, पाठ तुमची, कौतुक कसलं करताय.

दुसऱ्या सर्जनबाई होत्या, तरुण, बोलायला तुटक. कृत्रिम चकती बसवण्याचा विचार त्यांनी एका वाक्यात निकालात काढला, कारण ह्यांचे मागचे सांधेही झिजलेले होते. लहान शस्त्रक्रिया आहे, त्या म्हणाल्या, चकतीचा नसेवर दाबणारा तुकडा तेवढा काढायचा. पण त्याने पायात उतरणारं दुखणं जातं, कंबरेच्या दुखण्याची हमी नाही. मग त्यांनी पाय उचलून पाहिला, अंगठा दाबून पाहिला, आणि पायात काही होतं का असं विचारलं. हे म्हणाले, पायाचं काही नाही, सगळं कंबरेतच आहे. बाईंनी तसं लिहून घेतलं आणि तुम्हाला लहान शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग नाही असं सांगितलं.

झालं. पंधरवड्याने पुन्हा पहिल्या सर्जनांकडे जाऊन मणके जोडायची तारीख घेतली. तीन आठवड्यांनंतरचा सोमवार. मी कॅलेंडरवर गोल केला. स्क्रू एकदा बसले की बसले. चुकलं म्हणून काढून पूर्वीसारखं करता येत नाही.

तारखेला पंधरा दिवस राहिले असताना मी ह्यांची बाहेर जायची पँट धुवायला काढली. खिशात दुखण्याच्या गोळीचं रिकामं पाकीट. त्याच्याखाली आणखी एक. आणि आणखी एक. घरात हे गोळीला हात लावत नाहीत, पोट बिघडतं म्हणून. ही पँट घालून हे गेल्या दोन महिन्यांत फक्त तीनदा बाहेर पडले होते, आणि तिन्ही वेळा दवाखान्यात.

मी पाकिटं घेऊन शेजारच्या खोलीत, त्यांच्या कामाच्या टेबलापाशी गेले. हे एका काट्यावर वाकले होते. काट्याला नेहमीप्रमाणे दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती, आणि चिठ्ठीवर दोन रकाने: आल्यावर, दुरुस्तीनंतर. पहिला रकाना भरल्याशिवाय हे काट्याला फडकंसुद्धा लावत नाहीत. काही गिऱ्हाइकं लाजेखातर काटा घासूनपुसून, वर एखादा स्क्रू पिळून आणतात. त्यांची ह्यांच्याकडून जी हजामत होते ती मी भिंतीपलीकडून कितीदा ऐकली आहे. काटा किती आणि कधीपासून चुकतोय हेच मग कळत नाही, मी काय डोळे मिटून दुरुस्त करू का, असं त्यांचं ठरलेलं वाक्य आहे.

मी पाकिटं काट्याच्या तागडीत ठेवली.

"डॉक्टरांपुढे काय कण्हत जायचं?" हे म्हणाले. "सरळ चालत जावं म्हटलं."

"म्हणजे घासूनपुसून, स्क्रू पिळून," मी म्हटलं.

परीक्षेत कॉपी सापडलेल्या पोराचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. नवऱ्याचा तसा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. मला राग आला होता, खूप आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती. ह्यांनी पाकिटं तागडीतून उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले की पायात कळ येते खरी, ढुंगणापासून पोटरीतून अंगठ्यापर्यंत. ते उभं राहून होत असेल असं त्यांना वाटलं होतं. आणि हल्ली डावी चप्पल पायातून निसटते.

दवाखान्यात जातानाही आता गोळी घ्यायची नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सोसत हे खुर्चीत बसले, टाच स्टुलावर टेकवली, पाऊल कडेबाहेर, आणि पायाच्या अंगठ्याला दोऱ्याने एक छोटं पारडं टांगलं. मला वाटलं, दुखण्याने डोक्यावर परिणाम झाला. हे त्यात पितळी वजनं टाकत अंगठा वर उचलत होते. उजवा अंगठा दीड किलो सहज उचलत होता. डावा चारशे ग्रॅमला थांबला. दमल्यामुळे फरक पडत असेल म्हणून दुसऱ्या दिवशी डावा आधी, उजवा नंतर. दुखणं विसरून हे त्या पारड्यात पार बुडाले होते, आणि मीही शाळेला उशीर करून बघत उभी राहिले. उजवा रोज दीड किलो. डावा चारशे, साडेतीनशे, साडेतीनशे, तीनशे.

चौथ्या दिवशीचा आकडा लिहिताना ह्यांचा हात थांबला. "हे उतरतंय," ते म्हणाले.

सर्जनबाईंनी तो कागद वाचला. आधी हसल्या, मग हसू मावळलं. त्यांनी ह्यांना टाचांवर चालायला सांगितलं. डाव्या पायाचा चवडा वर राहीना, फरशीवर आपटत होता. त्यांनी पाय उचलताच हे ओरडले, आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

"हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"मागच्या वेळी गोळी घेऊन आलो होतो," हे म्हणाले. "आज आहे तसा आलोय."

पुढे वाकून, मागे वाकून एक्स-रे काढले. मणके जागचे सरकत नव्हते, म्हणजे ते जोडायची घाई नव्हती. बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की नुसतं दुखणं असतं तर थांबता आलं असतं, पण नसेची ताकद जातेय. तुकडा काढायचा, तोही याच आठवड्यात. पायाची कळ बहुतेक जाईल. कंबर थोडीफार दुखत राहील. अंगठ्याचं मात्र सांगता येत नाही, महिनाभर उशीर झालाय.  पहिल्या सर्जनांना मीच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तारीख रद्द केली आणि बरोबर करताय म्हणाले.

शस्त्रक्रिया तासाभराची. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं विचारलं ते काढलेला तुकडा बघायला मिळेल का. दाखवला. चिंगमाच्या चघळलेल्या तुकड्याएवढा होता, आणि हे त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. पायातली कळ त्याच संध्याकाळी गेली होती. पण अंगठा होता तसाच, आणि पुढचे सहा आठवडे पारड्याला हात लावायचा नाही अशी बाईंची ताकीद होती.

सहा आठवडे झाले त्या सकाळी हे खुर्चीत बसले, स्टूल ओढलं, अंगठ्याला पारडं बांधलं. मग आकडे लिहायचा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"वाचन तू घे," ते म्हणाले. "दुरुस्त होणाऱ्याने स्वतःचं वाचन घ्यायचं नसतं. पायाचं काही नाही म्हणून एकदा मीच घेतलं, पुरे झालं."

मी फरशीवर बसले, डोळे अंगठ्याच्या पातळीला आणले. तीनशे टाकले. अंगठा वर आला. साडेतीनशे. थरथरत वर आला. चारशेला तो अर्ध्यावर अडला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना चारशे हवे होते, आणि मलाही हवे होते.

दुरुस्तीनंतर, साडेतीनशे, असं मी लिहिलं.