दोराने ओढलेला सूर्य

उजेडबाबा मावळलेला सूर्य परत वर ओढून काढतात, अशी बातमी पसरली आणि रोज संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी सायकली लावायला जागा उरेना. बँकेतले कारकून यायचे, दवाखान्यातल्या नर्सा यायच्या, जिना चढताना कुरकुरणाऱ्या आज्यासुद्धा काठी टेकत यायच्या. आधी हाच उजेडबाबा बाजारात घड्याळं दुरुस्त करत असे. "तेव्हा काटे फिरवत होतो, आता वेळच फिरवतो," असं तो स्वतःच सांगायचा.

डोंगराच्या निम्म्यावर एक सपाट जागा होती. तिथे सगळ्यांनी बसायचं. समोर, दरीपलीकडे, एक टेकडी होती. सूर्य त्या टेकडीआड गेला की बाबा वरच्या कातळावरून भोंग्यातून ओरडायचा, "गेला ना?"

"गेला!"

"शंका?"

"नाही!"

मग एक जाडजूड दोर वरून खाली यायचा. तो सगळ्यांनी धरायचा आणि चढावर ओढत निघायचं. नजर पायांवर ठेवायची. जो मागे बघेल त्याचं वय वाढेल. धापा टाकत मंडळी कातळाशी पोचली की पाठीला ऊब लागायची. "लागली ऊब? तोच येतोय! वळा!" आणि वळून पाहावं, तर सूर्य टेकडीच्या माथ्यावर पुन्हा हजर, तांबडालाल, जणू काही विसरला म्हणून परत आलेला पाहुणा. लोक रडायचे, एकमेकांना मिठ्या मारायचे.

दोराचं खालचं टोक कशालाच बांधलेलं नसे. ते मातीतून फरफटत मागे यायचं. "सूर्य काय दिसणाऱ्या गाठीने बांधतात होय?" असं बाबा विचारायचा, आणि ते सगळ्यांना पटायचं.

खरा चमत्कार तर पुढेच होता. एका दिवसात दोनदा सूर्यास्त पाहिला, की वय एका वर्षाने कमी. हा हिशोब कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. निवृत्त पोस्टमास्तर महिनाभर नेमाने डोंगर चढले आणि एका सकाळी सरळ पोस्टात जाऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसले. नवे साहेब नम्रपणे म्हणाले, "अहो, तुम्ही निवृत्त झालात." पोस्टमास्तर म्हणाले, "झालो होतो. आता नाही." शेवटी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवावं लागलं.

धाकटीला हे सगळं ऐकून हसू येत होतं. थोरली तिच्या घरी येईपर्यंत.

दोघी सख्ख्या बहिणी, दोघींच्याही वेण्या पांढऱ्या झालेल्या. धाकटीने टेलिफोन ऑफिसात आयुष्यभर "थांबा, जोडते" म्हणत नोकरी केली होती. थोरलीने संसार केला, मुलगा वाढवला, आणि पन्नाशीत साखरेचा आजार लावून घेतला. रोज इंजेक्शन घ्यावं लागे.

थोरली दारातच वाकून म्हणाली, "ताई, येऊ का आत?"

"ताई? अगं, तू ताई. मी धाकटी."

"होते. आता तू मोठी. मी पंचेचाळीसची झालेय. मला आता नावाने हाक मार." मग ती मटकन खुर्चीत बसली. "पाणी दे आधी. तहान तहान होतेय नुसती."

एक तांब्या संपला, दुसरा संपला. थोरलीच्या पायांना सूज होती, ओठ कोरडे पडले होते.

"इंजेक्शन घेतेस ना?"

"कशाला? साखर लागली पन्नाशीत. मी आता पन्नाशीच्या अलीकडे आलेय. म्हणजे अजून ती लागलेलीच नाही!" थोरलीने हे अगदी आनंदाने सांगितलं. "फक्त एकच अडचण आहे. असंच चाललं, तर लवकरच माझा मुलगा माझ्यापेक्षा मोठा होईल. त्याला मग काय म्हणायचं?"

धाकटीने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "लगेच घेऊन या. आणखी काही दिवस असे काढले, तर मला हात टेकावे लागतील." थोरली काही हलेना. भांडणं झाली, रडारड झाली. शेवटी धाकटी म्हणाली, "बरं. आज मी तुझ्याबरोबर डोंगरावर येते. उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं."

"येशील? खरंच? ये गं ताई, तूही लहान हो!"

त्या संध्याकाळी दोघी एकमेकींचा हात धरून चढल्या. वारा छान होता, गवत सोनेरी झालं होतं. असला सूर्यास्त नुसता बघायलाही कोणी डोंगर चढावा, असं धाकटीला वाटलं. पण इथे बघायला वेळ कोणाला होता? सगळे दोरात बरी जागा मिळवायला धक्काबुक्की करत होते.

सूर्य टेकडीआड गेला. सपाट जागेवर सावली पसरली.

"गेला ना?"

"गेला!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. धाकटीने वर बघितलं. कातळावर उभ्या असलेल्या बाबाचं तेल लावलेलं टक्कल लखलख चमकत होतं.

"अगं, ते बघ," तिने थोरलीला कोपराने ढोसलं. "सूर्य गेला, तर त्याचं टक्कल कशाने चमकतंय?"

"तेज आहे ते!" शेजारचा कारकून खेकसला. "मान खाली घाला बाई, आमचंही वय वाढवाल!"

"हइशा!" दोर ताणला गेला. थोरली दोराला लोंबकळतच निघाली. धाकटीने मात्र दोर सोडला आणि ती होती तिथेच उभी राहिली.

थोड्याच वेळात वर गलका झाला. "आला! आला!"

"इथे नाही आला!" धाकटी खालून ओरडली.

वर सगळ्यांनी बाबाकडे पाहिलं. मग भोंगा खरखरला, "त्या बाईंची श्रद्धा कमी पडतेय. सूर्य श्रद्धा बघून दिसतो!"

"तेज आहे तर मग खाली या आणि इथे चमकून दाखवा!"

"वर ये गं!" थोरली रडवेली होऊन हाका मारत होती. "माझं वर्ष बुडेल!"

तिचा तो आवाज, उंचावरून येणारा, धाकटीने पूर्वी कधीतरी ऐकला होता. लहानपणचं घर तीन मजली होतं आणि समोर छापखान्याची उंच भिंत. सूर्य भिंतीआड गेला की तळमजल्यावर अंधारायचं. मग दोघी धडाधड जिना चढायच्या. पहिल्या मजल्यावर सूर्य परत दिसायचा. तिथे बुडाला की दुसऱ्यावर, मग गच्चीत. खेळ थोरलीनेच काढलेला. ती पुढे धावायची, आणि धाकटी खालून एकच प्रश्न विचारायची.

धाकटीने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळा जोर लावून तो विचारला.

"आहे गं? अजून आहे?"

आणि वरून, विचार करायच्या आधीच, थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "आहे गं, अजून आहे! ये लवकर!"

मग ती थबकली. तिने दोराकडे पाहिलं. तो हातातून टाकला. ती चार पावलं खाली उतरली. सूर्य बुडाला. चार पावलं वर गेली. सूर्य निघाला.

"अगोबाई," ती म्हणाली. "हा तर आपला जिना."

"बाई, असं करू नका!" बाबा ओरडला. पण पोस्टमास्तर तोवर खाली उतरून पाहत होते. "गेला!" ते म्हणाले. मग वर धावले. "आला! अहो, दोर न धरता आला! मी आणला!" कारकून उतरला, नर्सा उतरल्या, आणि बघता बघता अख्खा जमाव डोंगरावर खालीवर करू लागला. "मीपण बुडवला!" "माझा बघ, माझा निघाला!" "अहो, नका इतक्यांदा, त्याला त्रास होईल!" एक आजी काकुळतीला आली.

सूर्य आपल्या चालीने खाली जातच होता. दर वेळी थोडं जास्त वर चढावं लागत होतं. शेवटी सगळे अगदी कातळाच्या टोकावर दाटीवाटीने उभे राहिले, आणि सूर्य तिथूनही बुडाला. बाबाचं टक्कल विझलं.

"बाबा, परत ओढा ना," पोस्टमास्तर म्हणाले.

"आता कुठून ओढू?" बाबा वैतागून म्हणाला. "वर चढायला डोंगर उरलाय कुठे?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं. लोकांना त्याच्याही आधी कळलं होतं.

सूर्य कोणासाठी मागे येत नाही. समोर टेकडी आड असते, आपण वर चढलो की टेकडीपलीकडचं दिसतं, एवढीच ती गोष्ट. इतकी साधी, की दोन लहान मुली जिन्यावर ती खेळत होत्या. म्हणून कोणी "मागे बघू नका" म्हणालं, की आधी मागे बघावं. एकाने तरी खालीच थांबून पाहावं. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कोणाच्या भोंग्यावरून बंद करू नये. गेलेलं वय परत येत नाही, पण उरलेलं नीट सांभाळता येतं.

उतरताना थोरलीला चक्कर आली. पोस्टमास्तरांनी आणि कारकुनाने तिला त्याच दोराच्या झोळीत बसवून खाली आणलं. त्या दोराचा एवढाच काय तो उपयोग झाला. दवाखान्यात तिला आठवडाभर राहावं लागलं.

घरी परतल्यावर ती पलंगावर बसली, बाही वर केली आणि जुन्या दरडावणीच्या सुरात म्हणाली, "ए धाकटे, बघतेस काय? इंजेक्शन आण."

"आणते, ताई," धाकटी म्हणाली.