बिनसाकवाचा पावसाळा

कापडे गावाच्या वरच्या अंगाला चौदा घरांची एक वाडी आहे. घरं ओढ्याच्या अलीकडे, निम्मी भातशेती पलीकडे. उन्हाळ्यात हा ओढा पाय न भिजवता दगडांवरून ओलांडता येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गणपतीपर्यंत मात्र त्यात कुणी उतरत नाही, कारण पाण्याची ओढ इतकी असते की गुडघाभर पाण्यातही माणूस उभा राहत नाही. म्हणून दर वर्षी मे महिन्यात वाडीतले लोक ऐनाच्या झाडाचे सहा लांब वासे टाकतात, जुने टिकले असतील तर तेच, त्यावर कळकाच्या बांबूच्या पट्ट्या बांधतात आणि लाकडी साकव तयार करतात. यंदा त्यांनी तो केला नाही. गरज पडणार नाही, असं मी सांगितलं होतं.

मी महाडची. भूशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि घरी परतून एका सरकारी उपविभागात कंत्राटी तांत्रिक सहायक म्हणून लागले. छोटा पूल किंवा साकव कुठे उभा राहील, खडक किती खोल आहे, पूर किती चढतो, हे मोजून कागदावर आणणं हे माझं काम. या वाडीचा पक्का साकव मागच्या वर्षी मंजूर झाला आणि डिसेंबरमध्ये मी मोजणीला गेले.

ओढ्याची सगळ्यात अरुंद जागा तीच, जिथे लाकडी साकव होता. ती दाखवायला हैबतीबाबा आले. वय सत्तरीला टेकलेलं. वाडीचे गेल्या चाळीस वर्षांतले सगळे साकव त्यांच्या देखरेखीखाली झालेले. मी टेप काढला तेव्हा ते म्हणाले, "साडेसहा वाव हाय. लिही."

टेपवर अकरा मीटर सत्तर सेंटिमीटर आले. वाव म्हणजे केवढी हे दाखवायला त्यांनी दोन्ही हात पसरले, तेव्हा मी तीही मोजून घेतली. गुणाकार केला. फरक सात सेंटिमीटरचा.

"बघितलंस? आणि सरकार तुला पगार देतं," ते म्हणाले.

बघायला जमलेल्या बायका हसल्या. त्यांतल्या राहीबाईंनी तेव्हाच माझं नाव मीटरवाली ठेवलं. राहीबाई पन्नाशीच्या. त्यांचा मुलगा प्रवीण मुंबईत टेम्पो चालवतो आणि शेती त्या एकट्या बघतात. अलीकडे त्यांचं एकच खाचर, पलीकडे पाच. वर्षभराचा तांदूळ पलीकडचा.

खडक पाहण्यासाठी काठावर खड्डा घ्यायचा होता आणि नेमके तिथे जुन्या साकवाचे वासे टेकलेले होते.

"काढावे लागतील, बाबा."

"अजून एक पावसाळा काढतील ते. मंग मे महिन्यात परत घालायचे काय?"

"नाही लागणार. मार्चमध्ये काम सुरू होईल. पावसाआधी माणसं चालतील त्यावरून."

मी खोटं बोलत नव्हते. मान्यतेचा कागद माझ्या पिशवीत होता.

वासे निघाले, खड्डा झाला, दीड मीटरवर चांगला खडक लागला. राहिली पुराची उंची. दोन हजार एकवीसच्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं, असं विचारल्यावर हैबतीबाबांनी काठावरच्या जांभळाच्या बुंध्यावर, स्वतःच्या खांद्याच्याही वर, हात ठेवला. मला ते जास्त वाटलं. माणसांच्या आठवणीतला पूर वाढत जातो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. पण त्या उंचीवर सालीच्या भेगांत बारीक वाळू अडकलेली होती, आणि पलीकडच्या काठावरच्या खोडावरही तेवढ्याच उंचीवर. मी दुर्बीण लावून पातळी घेतली. ऑफिसच्या ठरलेल्या नकाशाप्रमाणे साकव बांधला असता, तर त्या पुरात तो नव्वद सेंटिमीटर पाण्याखाली गेला असता.

हे मी आमच्या कर्णिक साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "असा पूर किती वर्षांनी येतो?"

"नक्की सांगता येत नाही. पंचवीसएक वर्षांत एकदा."

"आणि किती वेळ राहतो?"

"पाच-सहा तास."

"मग तेवढा वेळ लोक घरात बसतील. उंची वाढवली की अंदाजपत्रक बदललं. ते बदललं की फाईल पुन्हा जिल्ह्याला. चैत्राली, चुकीची मान्यता आज हातात आहे. बरोबर मान्यता मिळेल, पण मार्चच्या आत मिळेल का?"

"पण सर, आकडा मला माहीत असताना मी जुन्या नकाशावर सही कशी करू?"

दुसरे कुणी असते तर ओरडले असते. साहेबांनी सुधारित अंदाजपत्रक करायला सांगितलं. मी ते चार दिवसांत केलं, नीट केलं, आणि फाईल गेली. जानेवारीत तिच्यावर एक शंका आली, तिचं उत्तर दिलं. फेब्रुवारीत दुसरी आली. तीही रास्त होती.

मार्चच्या सव्वीस तारखेला निधीचं टेबल सांभाळणाऱ्या विनोदिनीताईंनी मला हाक मारली. "ये, बस. तुझा साकव गेला."

"गेला म्हणजे?"

"एकतीसच्या आत ज्यांचा खर्च होणार नाही त्या कामांचे पैसे काढून घेतलेत. ज्यांचे कागद तयार होते त्यांना दिले. तुझे तुडीलच्या बाजूच्या एका संरक्षक भिंतीला गेले." माझा चेहरा बघून त्या पुढे म्हणाल्या, "अगं, नाहीतर पैसे परतच गेले असते. निदान आपल्या उपविभागातच राहिले."

"साकवाला पुन्हा कधी मिळतील?"

"जुलैच्या पुरवणी मागण्यांत घालू म्हणतात साहेब. घालतीलही."

त्याच दिवशी मी वाडीत फोन करायला हवा होता. नंबर होता माझ्याकडे. पण मी स्वतःला म्हटलं, अजून काही नक्की नाही. साहेब प्रयत्न करताहेत, एखादं दुसरं काम मागे पडलं तर पैसे परत साकवाला मिळतील. अर्धवट माहिती देऊन लोकांना कशाला घाबरवायचं? प्रयोगशाळेत ही सवय चांगली समजली जाते. निकाल पक्का झाल्याशिवाय बोलायचं नाही.

एप्रिलमध्ये राहीबाईंचाच फोन आला. "काय गो मीटरवाली, माणसं कधी येतात तुझी?"

"प्रक्रिया चालू आहे, काकी."

"प्रक्रिया म्हंजी माणसं काय?"

मी हसले आणि विषय बदलला. त्याही हसल्या.

मे महिन्यात मुंबईची माणसं वाडीत आली. प्रवीण आला, त्याचे चुलतभाऊ आले. धडधाकट अशी बावीस माणसं होती, हे मला नंतर कळलं. बावीस माणसांना लाकडी साकव तीन दिवसांचं काम. अकरा मे रोजी हैबतीबाबांनी कुणाच्या तरी मोबाइलवरून मला फोन लावला. त्यांचा आवाज मोठा, लांबच्या माणसाला हाक मारल्यासारखा.

"पोरं वीस तारखेला परत जातील. ऐन तोडायचा का नाय, एवढंच सांग, बाय."

"बाबा, मला आठ दिवस द्या. नक्की काय ते कळवते."

आठ दिवसांनी माझ्याकडे नक्की काही नव्हतं, म्हणून मी काहीच कळवलं नाही. प्रवीण आणि बाकीचे मुंबईला गेले. वाडीने माझी वाट पाहिली, कारण साकव होणार नाही असं मी म्हटलंच नव्हतं.

नऊ जूनला मी पोलादपूरला एस.टी. बदलून कापड्याला उतरले आणि चालत वर गेले. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. हैबतीबाबा पडवीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: उंची, फाईल, भिंत, मार्च.

"मार्च," ते म्हणाले. "शिमग्याच्या टायमाला."

"हो."

"आणि मी फोन केला तवा?"

"तेव्हा माहीत होतं."

ते उठले, डोक्यावर घोंगडी घेतली आणि ओढ्याकडे निघाले. मी मागून गेले. पाणी मातकट होतं आणि दगड दिसेनासे झाले होते. जुने वासे कुठे आहेत, असं मी विचारलं.

"राहीच्या गोठ्यावर चढले. लागणार नाय म्हणालीस ना?"

तरी त्यांनी प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी राहीबाईंच्या गोठ्यावरचे दोन वासे उतरवले. मी रजा टाकून राहिले होते. आम्ही सातजण होतो: हैबतीबाबा, दोन म्हातारे, तीन बायका आणि मी. एकाला दम्याचा त्रास होता. वासा पलीकडच्या काठावर टेकवायचा तर आधी दोर घेऊन कुणीतरी पलीकडे जायला हवं, आणि ते फक्त पाणी नसताना जमतं. ताकदीवर आम्ही वासा पुढे ढकलत गेलो. पलीकडचं टोक काठापासून हातभर लांब असताना पाण्याने ते उचललं, वासा फिरला आणि राहीबाईंच्या हातून सुटला. त्या पाठीवर पडल्या. वासा खालच्या वळणावरून दिसेनासा झाला.

"बस झालं," हैबतीबाबा म्हणाले. दुसरा वासा त्यांनी टाकू दिला नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

पलीकडे जायला दुसरी वाट आहे. कापड्याच्या पुलावरून वळसा घालून डोंगराच्या कडेने दीड तास. त्या पायवाटेवर जूनअखेर दरड आली. एखादा माणूस वरून चढून जाईल, पण डोक्यावर रोपांचे भारे घेऊन दहा बायका रोज तिथून जातील, असं कोण म्हणेल? इथे लावणी एकमेकींच्या शेतावर आळीपाळीने होते. राहीबाईंच्या पाळीला पलीकडे यायला कुणी तयार झालं नाही आणि राहीबाईंनीही कुणाला गळ घातली नाही.

जुलैच्या सुरुवातीला मोजमापासाठी मला तुडीलच्या बाजूला पाठवलं. ती भिंत मी पाहिली. खोटी, पोकळ, निकृष्ट निघावी अशी माझी इच्छा होती, हे कबूल करते. पण भिंत चांगली होती. पाणी निघायला ठेवलेली भोकं योग्य उतारावर होती, मागे दगडांचा भराव होता. तिच्यामागच्या रस्त्यावरून शाळेची गाडी गेली. मी मापं लिहिली आणि परत आले. पुरवणी मागण्यांच्या यादीत साकव नव्हता. त्याच दिवशी ते कळलं आणि या वेळी मी त्याच दिवशी वाडीत फोन केला. तो कुणी उचलला नाही.

सोळा जुलैला मी स्वतःच गेले. राहीबाई रोपं उपटत होत्या. एवढी रोपं पलीकडच्या पाच खाचरांसाठी टाकलेली. चाळीस दिवस उलटले होते आणि काड्या जाड होऊन पेर धरायला लागल्या होत्या. यापुढे ती लावली तरी फुटवे येत नाहीत. मला हे पुस्तकातून माहीत होतं, त्यांना हाताने.

"कुठे नेताय?"

"रंगूबाईला. कापड्याची. तिची रोपं कुजली. आज लावली तर तिला चार दाणे तरी होतील." त्या सरळ झाल्या, कमरेला हात लावला. पडल्यापासून ती दुखत होती. "उभी काय ऱ्हायलीस? उतर खाली."

मी चिखलात उतरले. मी बांधलेली रोपांची पहिली मूठ त्यांनी सोडवून पुन्हा बांधली, दुसरीही. तिसरीला काही बोलल्या नाहीत. तासाभराने मी म्हटलं, "काकी, माझं चुकलं."

"काय चुकलं? उंची?"

"उंची नाही. सांगितलं नाही ते."

त्यांनी मुळांचा चिखल पाण्यात आपटून धुतला. "एप्रिलात सांगितलं असतंस, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. घाणेरड्या घातल्या असत्या. तेवढंच झालं असतं गो."

पलीकडची खाचरं तिथून स्पष्ट दिसत होती. त्यांत गवत माजलं होतं, लांबून भातासारखंच हिरवं.

"पुढच्या साली पैसं येतील?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"हे हैबतीला सांगितलंस?"

"ते बोलत नाहीत माझ्याशी."

"तो नाय बोलला तरी तुला तोंड हाय ना? आता जा. ही मूठ ठेव आणि जा."

मी पाय धुतले आणि हैबतीबाबांच्या घरी गेले. ते पडवीत दगडावर कोयता घासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मी सांगितलं की जुलैच्या यादीत साकव नाही, पुढच्या वर्षी पैसे येतील की नाही हे मला माहीत नाही, आणि आले तरी पावसाआधी काम होईलच असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात त्यांनी लाकडी साकव घालावा. पक्क्याची जागा अडत असेल तर अडू दे.

"हे सगळं मार्चात सांगता आलं असतं?"

"हो, आलं असतं."

त्यांनी मान हलवली. धारेवरून अंगठा फिरवून पाहिला आणि कोयता पुन्हा दगडावर ठेवला. मला बस म्हणाले नाहीत. जा असंही म्हणाले नाहीत, म्हणून मी तिथे उभी राहिले.