शिंपल्यांचा चुरा

इगशानने सुलतानच्या गळ्याखालच्या पिशवीवरून अंगठा फिरवला आणि अंगठा तिथेच थांबला. आत कचकच लागत होती. कबुतराच्या गळ्याशी अशी कचकच लागली की तो खूश व्हायचा. पण सुलतान कबूतर नव्हता. तो त्याच्या बायकोचा, गलीमाचा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकटील पोपट होता.

"बाबा, द्या इकडे. मी डॉक्टरांना दाखवून आणते," नवाल म्हणाली. तिने पाखरू टॉवेलात गुंडाळलं आणि गाडी काढली.

इगशान शिडीवरून ढाबळीत चढला. शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या अख्ख्या मिचेल्स प्लेन वस्तीला, दाणा पचावा म्हणून कबुतरांना घालायचा त्याचा चुरा ठाऊक होता. स्ट्रँडफाँटेनच्या किनाऱ्यावरचे शिंपले, जुनी लाल वीट, कोळसा, चिमूटभर मीठ, सगळं हाताने कुटलेलं. लोक मूठभर मागायला दारी येत. गलीमा मात्र तो पिंजऱ्याच्या आसपास फिरकू देत नसे.

"तुझी कबुतरं मेली हावरट, दाणा सालासकट गिळतात. माझा सुलतान साहेबासारखा सोलून खातो. त्याला कशाला तुझे खडे?"

"लोकांना मागून मिळत नाही, आणि हिला फुकट नको," तो म्हणायचा.

जेवण झालं की ती मागच्या दारातून शीळ घालायची. दोन सूर, दुसरा वर ओढलेला. सुलतानने ती उचलली. गलीमा गेल्यावरही रोज संध्याकाळी तीच शीळ यायची आणि इगशान खाली उतरून हात धुवायचा. ताट कधी वाढलेलं असे, कधी नसे. तरी तो उतरायचा.

मग सुलतानची पिसं झडू लागली आणि शीळ बंद झाली. इगशान घाबरला. बायकोला पुरलं तेव्हा तो इतका घाबरला नव्हता. देण्यासारखी चांगली अशी एकच वस्तू त्याच्याजवळ होती. त्याने वाटीभर चुरा पिंजऱ्यात टांगला. सुलतान दिवसभर टिपत राहिला आणि इगशान खुळ्यासारखा हसत बघत बसला.

गाडी आल्यावर थोड्या वेळाने तो खाली उतरला. नवाल ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. टॉवेल रिकामा होता. पिंजऱ्यातली वाटी घासून पालथी घातलेली होती, तिच्यातून अजून पाणी निथळत होतं.

"म्हातारा झाला होता, बाबा. डॉक्टर म्हणाले, वय झालं."

"पोट नाही ना तपासलं?"

"नाही. कशाला तपासतील?"

तो वाटीकडे बघत राहिला.

"खरंय," तो म्हणाला. "वयच झालं होतं."

तो पुन्हा वर गेला. चुऱ्याचं तबक रिकामं होतं आणि कबुतरं त्याच्या पायांत घोटाळत होती. त्यांना चुरा लागतोच. त्याने डब्यात हात घातला, तबक भरलं आणि उलट्या खोक्यावर बसून तो रडला.

अंधारून आलं तेव्हा खालून शीळ आली. निम्मी नुसती हवाच. दुसरा सूर फाटला. नवालला शीळ कधीच जमली नव्हती, गलीमा तिला त्यावरून चिडवायची. थोड्या वेळाने पुन्हा आली, तशीच फाटकी.

"आलो गं," इगशानने नेहमीसारखा आवाज दिला. पण तो उठला नाही. तिने आणखी एकदा शीळ घालावी म्हणून तो तसाच बसून राहिला.